नाताळच्या बिस्किटांची सोपी सजावट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. पसरून गोल झालेली चांदणी, ओघळलेलं आयसिंग, गुलाबी पडलेला सांताचा डगला. वसईत घरच्या घरी बेकिंग शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण डिसेंबरचे प्रश्न दर वर्षी तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. घरातला छोटा ओव्हन, चाळणी आणि लाटणं एवढ्यावर जमेल असंच सगळं आहे. मापात छोटा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा १५ मिली.

१. सजावटीसाठी कोणतं बिस्किट करावं? नानकटाई चालेल का?

वरून सपाट आणि कडेला रेखीव निघेल असं बिस्किट हवं. माझं माप: बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलची किंवा व्हॅनिला, आणि लागलं तर एक-दोन छोटे चमचे दूध. लोणी-साखर एकजीव करा, मैदा घाला आणि गोळा होईपर्यंतच मळा. पोळीच्या कणकेसारखं तिंबलं तर बिस्किट चिवट होतं. साधारण अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापा आणि १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं भाजा. कडा जेमतेम बदामी झाल्या की बाहेर काढा. मध्यम आकाराची २५ ते ३० होतात.

नानकटाई फुगते आणि वरून तडकते. तो तडाच तिचं रूप आहे, त्यावर आयसिंग थापू नये. तुपामुळे ते नीट धरतही नाही. नानकटाई सजवायची तर ओव्हनमध्ये जाण्याआधी, प्रश्न ३ मध्ये सांगितलं आहे तशी.

२. चांदणी कापून ठेवते, ओव्हनमधून लाडू बाहेर येतो. काय चुकतं?

तीन गोष्टी तपासा. पिठात बेकिंग पावडर किंवा सोडा घातला असेल तर या बिस्किटाला तो नको. लोणी पातळ होईपर्यंत गरम झालं असेल तर ते ओव्हनमध्ये आधीच वाहतं. आणि कापलेली बिस्किटं थेट ओव्हनमध्ये गेली असतील तर पुढच्या वेळी ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. दगडासारखी गार झालेली चांदणी तापलेल्या ओव्हनमध्ये गेली की लोणी वितळायच्या आत मैदा आकार धरतो.

आणखी एक सवय लावून घ्या. पीठ बटर पेपरवर लाटा, कापा, आणि आकार उचलण्याऐवजी त्याच्या भोवतीचं जास्तीचं पीठ काढा. उचलताना टोकं ओढली जातात आणि पाच टोकांच्या चांदणीचं एक टोक कायमचं लांब राहतं.

३. आयसिंग न करता बिस्किटं सणाची दिसतील का?

दिसतील, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हेच करायला सांगते. घरात आधीच असलेल्या वस्तू बाहेर काढा. करंजीची कातण कडेने फिरवली की नागमोडी काठ मिळतो. काट्याच्या टोकांनी आडव्या-उभ्या रेघा ओढल्या की जाळी होते. गोव्यातल्या बोलिन्हांवर, म्हणजे नाताळच्या ताटातल्या खोबरं-रव्याच्या बिस्किटांवर, अशाच रेघा असतात आणि त्यांना दुसरी सजावट लागत नाही. पेढ्याचा लाकडी साचा असेल तर पिठात बुडवून, झटकून बिस्किटावर दाबा. नक्षी खोल उठायला हवी, कारण भाजताना ती थोडी भरून येते.

वर लावायला पिस्त्याचे काप, चारोळी, खसखस, टुटीफ्रुटी, सुकं खोबरं. ते नुसतं भुरभुरलं तर गळून पडतं. आधी बोटाने दुधाचा हात फिरवा, मग लावा आणि तळहाताने हलकं दाबा. खोबरं लवकर करपतं, ते शेवटच्या पाच मिनिटांत घाला.

माझी सगळ्यात आवडती सजावट काचेच्या खिडकीची. बिस्किटाच्या मध्यभागी बाटलीच्या झाकणाने भोक पाडा आणि बटर पेपरवर आठ मिनिटं भाजा. लिमलेटच्या गोळ्या रंगवार वेगळ्या कुटून ठेवा, प्रत्येक भोकात काठोकाठ चुरा भरा आणि आणखी चार-पाच मिनिटं ठेवा. चुरा वितळून तळ्यासारखा पसरला की ट्रे बाहेर काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. ती वितळलेली साखर भयंकर पोळते, त्यामुळे हे काम मुलांना देऊ नका. गार झाल्यावर एक बिस्किट खिडकीत धरून बघा, लाल उजेड टेबलावर पडतो. दमट हवेत ही काच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिकट होते, म्हणून ही बिस्किटं सणाच्या आदल्या दिवशीच करा.

४. आयसिंगमध्ये सगळ्यात सोपं कोणतं?

साखर आणि दुधाचं. १२० ग्रॅम बारीक पिठीसाखरेत तीन छोटे चमचे दूध घाला, ढवळा, मग थेंबाथेंबाने वाढवा. एक छोटा चमचा लिक्विड ग्लुकोज घातलं तर चकाकी येते. लिंबाच्या चार थेंबांनी नुसती गोडमिट्ट चव मोडते. हे आयसिंग वरून वाळतं, पण आत थोडं मऊ राहतं.

बिस्किटं एकावर एक ठेवायची असतील किंवा बारीक नक्षी काढायची असेल तर रॉयल आयसिंग लागतं, ते पुढच्या प्रश्नात आहे. लोण्याचं बटरक्रीम चवीला छान, पण ते वाळत नाही, डब्यात पसरतं. बिस्किटांसाठी मी ते वापरत नाही.

५. रॉयल आयसिंगला कच्चं अंडं लागतं ना? आमच्याकडे अंडं चालत नाही.

मूळ कृतीत अंड्याचं कच्चं पांढरं असतं. एका पांढऱ्याला, म्हणजे साधारण ३० ग्रॅमला, १८० ते २०० ग्रॅम पिठीसाखर, आणि पाच मिनिटं फेटणं. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसं खाणार असतील तर पाश्चराइज केलेलं पांढरं किंवा मेरिंग पावडर वापरा. दोन छोटे चमचे पावडर आणि दोन मोठे चमचे पाणी म्हणजे एक पांढरं.

इथे एक गैरसमज दर वर्षी होतो. मेरिंग पावडर अंड्याचं पांढरं सुकवूनच केलेली असते. पावडर दिसली म्हणून ती बिनअंड्याची होत नाही. अंडं न खाणाऱ्या घरी देणार असाल तर हे लपवू नका.

पूर्ण बिनअंड्याचं हवं तर काबुली चणे शिजवल्यावर उरणारं पाणी घ्या. चणे मीठ आणि सोडा न घालता शिजवा. पाणी गार झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट हवं. पातळ असेल तर उकळून आटवा. दोन मोठे चमचे पाणी फेस येईपर्यंत फेटा, मग वरच्याच मापाने साखर घाला. वाळल्यावर चण्याची चव लागत नाही, व्हॅनिला तेवढा घाला. हे अंड्याच्या आयसिंगपेक्षा थोडं सावकाश वाळतं.

६. मिक्सरमध्ये दळलेली पिठीसाखर चालेल का?

बिस्किटाच्या पिठात चालेल. आयसिंगसाठी ती दोनदा दळून वस्त्रगाळ करावी लागते. एकही कण राहिला की आयसिंग भरायच्या कोनाचं (तो प्रश्न ८ मध्ये) तोंड बुजतं आणि ऐन नक्षीत फचकन गोळा पडतो. एक वाटी साखरेला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा ते आधीच असतं.

७. आयसिंग किती पातळ ठेवायचं? कधी ओघळतं, कधी कोनातून बाहेरच येत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच सुटतात, म्हणून सावकाश वाचा. वाटीतल्या आयसिंगमध्ये सुरीने एक रेघ मारा आणि मनात आकडे मोजा. रेघ मिटून पृष्ठभाग पुन्हा सपाट व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं.

रेघ मिटतच नसेल, टूथपेस्टसारखी उभी राहत असेल, तर ते पानं, फुलं आणि बिस्किटाचे तुकडे जोडायला. वीस-पंचवीस मोजेपर्यंत मिटली तर काठ काढायला. दहा-बाराला मिटली तर आतली जागा भरायला. आठच्या आत मिटली तर ते ओघळणारच, चमचाभर साखर घाला.

दोन जाडीची आयसिंगं करायचा कंटाळा येत असेल तर पंधरावर मिटेल असं एकच करा. त्यात काठही निघतो आणि भरणंही होतं. नवशिक्याला मी हेच देते.

पाणी चमचाने कधीच घालू नका. आयसिंग पातळ व्हायला पाच थेंब पुरतात आणि ते परत घट्ट करायला मूठभर साखर लागते. औषधाचा ड्रॉपर स्वच्छ धुऊन यासाठी वेगळा ठेवा. आणि वाटीवर ओलं फडकं हवंच. उघडं आयसिंग दहा मिनिटांत वरून पापुद्रा धरतं.

८. पायपिंग बॅग आणि नोझल विकत घ्यावेच लागतील का?

नाही. ज्या घरात कुणाला मेंदीचा कोन वळता येतो, तिथे प्रश्नच मिटला. बटर पेपरचा किंवा नव्या जाड प्लॅस्टिकचा त्रिकोण घ्या. लांब बाजूचा मध्य म्हणजे कोनाचं टोक. एक कोपरा आत वळवा, दुसरा त्याच्यावरून फिरवून मागे न्या, टोक सुईएवढं बंद होईपर्यंत ओढा आणि टेपने चिकटवा. निम्माच भरा, वरून दुमडा. टोक अगदी शेवटी, नखभर कापा.

माझ्या शेजारची मुलगी लग्नाच्या मेंद्या काढते. तिने पहिल्यांदा बिस्किट हातात घेतलं तेव्हा मी शिकवायचं म्हणून बसले आणि बघतच राहिले. कोनाचं टोक बिस्किटाला टेकवायचं नाही, बोटभर वर धरायचं आणि आयसिंगची दोरी खाली सोडत न्यायची, हे तिला सांगावं लागलं नाही. रांगोळीत सरळ रेघ सोडणाऱ्यांनाही हे लवकर येतं. हात बिचकत असेल तर आधी ताटाच्या पाठीवर ठिपके आणि रेघा काढा. तेच आयसिंग खरवडून परत कोनात भरता येतं.

दुधाची पिशवी मात्र यासाठी नको. कितीही धुतली तरी तेलकटपणा आणि वास राहतो.

९. रंग कोणते वापरू? लाल गुलाबीच होतो, हिरवा पोपटी.

जेल रंग घ्या. पातळ रंगाने आयसिंगची जाडी बिघडते. दातकोरणीच्या टोकाने घाला आणि गडद छटेच्या दोन पायऱ्या अलीकडे थांबा, कारण झाकून ठेवल्यावर रंग तासा-दोन तासांत खुलतो. लाल आणि काळ्याला रात्रभर द्या. काळा हवा असेल तर सुरुवात कोकोने करा, म्हणजे रंग कमी लागतो. भडक लालसाठी चमचाभर रंग ओतत बसलं तर आयसिंग कडू होतं. त्यापेक्षा सांताची टोपी थोडी विटकरी दिसली तरी चालेल.

एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली आहे, तीही मर्यादेत. बाजारात पुडीत सुटा मिळणारा, लेबल नसलेला रंग घेऊ नका. मेटॅनिल यलोसारखे मनाई असलेले रंग अशाच पुड्यांतून येतात.

घरचे रंगही आहेत. आटवलेल्या बिटाच्या रसाचा सुंदर राणी रंग येतो, पण उन्हात आणि उष्णतेत तो उतरतो, म्हणून तो आयसिंगमध्येच घाला, पिठात नाही. कोमट दुधातलं केशर पिवळ्यासाठी. हळद चालते, पण अगदी चिमूटभर. पालकाच्या घट्ट रसाने फिकट हिरवं झाड होतं. पांढरा आणि आणखी दोन रंग एवढ्यावर थांबलात तर ताट जास्त देखणं दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

१०. रात्रभर ठेवलं तरी आयसिंग चिकटच. का?

हवेमुळे. किनारपट्टीला डिसेंबरातही हवा पुण्या-नाशिकसारखी कोरडी नसते. भरलेलं रॉयल आयसिंग पूर्ण वाळायला आठ ते बारा तास धरा, आमच्याकडे कधी त्याहून जास्त. बिस्किटं एका थरात पसरा आणि पंखा लावा, वारा त्यांच्यावरून जाईल असा. पंख्याखालची पहिली अर्धा-पाऊण तासाची पापडी लवकर धरली की चकाकीही चांगली येते. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं.

पहिल्याच वर्षी मी चाळीस चांदण्या रात्री अकरापर्यंत जागून रंगवल्या आणि ओट्याशेजारीच ठेवल्या. सकाळी डाळीचा कुकर लावला. चार शिट्ट्यांच्या वाफेने सगळ्यांचे लाल काठ पांढऱ्यात उतरले, जणू कुणी ओल्या हाताने पुसलंय. तेव्हापासून माझी बिस्किटं बाहेरच्या खोलीत वाळतात.

११. लाल रंग पांढऱ्यात पसरतो. कुकर लावला नव्हता!

मग बहुतेक घाई झाली असेल. गडद रंग शेजारी असेल तेव्हा पहिला रंग किमान चार तास वाळू द्या, मगच दुसरा भरा. आधी गडद भरून वाळवा, पांढरा नंतर. आयसिंग पातळ असेल तरी हेच होतं, त्यासाठी प्रश्न ७. रंग पसरायलाच हवा असेल तर उलट करा. पांढरं ओलं असतानाच त्यावर लाल रेघा टाका आणि दातकोरणी आडवी ओढा, पिसासारखी नक्षी उमटते.

१२. वाळलेल्या आयसिंगवर तेलकट डाग पडतात आणि बारीक जागी खड्डे. उपाय?

डाग लोण्याचे. बिस्किट कोमट असताना आयसिंग केलं किंवा भाजणं कमी पडलं की ते वर झिरपतात. बिस्किटं पूर्ण गार होऊन दोन-तीन तास गेल्यावरच हात लावा. पडलेला डाग जात नाही, त्यावर आयसिंगचाच एक ठिपका किंवा पान काढून झाका.

खड्डे छोट्या जागांत पडतात, उदाहरणार्थ घंटेच्या लोलकात किंवा डोळ्यांत. आधी तळाशी जाड आयसिंगची वेडीवाकडी रेघ घाला, तिच्यावर भरा आणि लगेच पंख्याखाली ठेवा.

१३. चॉकलेट वितळवताना एकदम घट्ट गोळा होतो.

पाण्याचा थेंब किंवा वाफ लागली. भांडं, चमचा, हात, सगळं कोरडं हवं आणि खालचं पाणी उकळतं नको. घट्ट झालेल्या चॉकलेटमध्ये गरम दूध घालून सॉस करा, सजावटीला ते आता उपयोगाचं नाही.

घरासाठी कंपाउंड चॉकलेट सोपं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, त्यामुळे वितळवलं की बुडवा, झालं. खऱ्या डार्क चॉकलेटला टेम्परिंग लागतं. ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून २७-२८ पर्यंत गार करायचं आणि परत ३१-३२ वर आणायचं. नाहीतर ते पांढुरकं पडतं. चव अर्थात याचीच. अर्धं बिस्किट बुडवून वर पिस्त्याची भरड, एवढं पुरे.

१४. चांदीचे गोळे, चमकी, स्प्रिंकल्स खाण्याजोगे असतात का? शाकाहारी असतात का?

डबीवर खाण्यासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे विषारी नाही एवढंच, ते खाण्यासाठी नव्हे. हस्तकलेच्या दुकानातली चमकी बिस्किटावर नकोच.

शाकाहारासाठी हिरवी खूण बघा आणि घटकांची यादीही वाचा. १२० क्रमांकाचा लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यांपासून येतो. ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून केलेली चकाकी. जिलेटिन जनावरांपासून मिळतं. काय चालवायचं ते प्रत्येक घराने ठरवावं, पण माहीत असायला हवं.

वर्ख लावायचा तर खरा घ्या. बोटांत चोळल्यावर चांदीचा वर्ख विरून जातो, ॲल्युमिनियमच्या गोळ्या होतात.

१५. मुलांना बरोबर घ्यायचं आहे, पण पसारा झेपत नाही.

कोन देऊ नका. वाटीत साखर-दुधाचं आयसिंग, हातात चमच्याची पाठ, आणि ताटात टुटीफ्रुटी, खोबरं. प्रत्येकाला स्वतःचा ट्रे आणि मोजून पाच बिस्किटं. टेबलावर वर्तमानपत्र. तीन-चार वर्षांच्या मुलांना कडक चांदीचे गोळे आणि अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. आणि त्यांची बिस्किटं नंतर ‘नीट’ करू नका. मुलं आपलं बिस्किट ओळखतात.

१६. किती दिवस आधी करू? कशी ठेवू?

बिस्किटं १८-२० डिसेंबरला, सजावट २२-२३ ला, असं मी करते. नुसती बिस्किटं हवाबंद डब्यात दोन आठवडे, रॉयल आयसिंगची आठ-दहा दिवस चांगली राहतात. दुधाच्या आयसिंगची तीन-चार दिवसांत संपवा. थरांमध्ये बटर पेपर घाला. कुलकुल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) आणि करंज्यांच्या डब्यात ही बिस्किटं ठेवू नका, तळणीचा वास पकडतात. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत ठेवायची जुनी पद्धत चालते, झाकण घट्ट हवं एवढंच.

१७. घरात मधुमेह आहे. आयसिंग शुगर-फ्री करता येईल?

साखरच आयसिंगचा सांगाडा असते. गोडीच्या गोळ्या किंवा पावडर घालून ते उभं राहत नाही. त्यांच्यासाठी प्रश्न ३ मधली सुक्यामेव्याची सजावट करा. मैदा आणि बिस्किटातली साखर तरीही आहेच, तेव्हा किती खायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने.

१८. लेकीकडे पुण्याला पाठवायची आहेत. वाटेत तुटतात.

आकारापासून सुरुवात करा. रेनडियरची शिंगं आणि चांदणीची लांब टोकं पोचत नाहीत. घंटा, गोल, हृदय, मोजा पोचतात. थोडी जाड लाटा आणि दोन मिनिटं जास्त भाजा. आयसिंग किमान पूर्ण दिवस वाळलेलं हवं. दोन-दोन बिस्किटं पाठीला पाठ लावून, मध्ये बटर पेपर घालून गुंडाळा आणि डब्यात आडवी न रचता उभी लावा, बांगड्यांसारखी. डबा हलवून कानाशी धरा. आवाज आला तर अजून कागद कोंबा.